दादांचा निळा खडू

तेहतीस वर्षं मी खडूवर पोट भरलं. शहापूर तालुक्यातल्या चार शाळांच्या फळ्यांवर इतकं लिहिलं की पदर, चष्म्याच्या काचा, डब्यातली भाकरी, सगळ्यावर पांढरी भुकटी असायची. आमचे हे म्हणायचे, "हिला अंगणात झटकलं तर कुंपणाला एक हात सफेदी होईल." निवृत्त झाल्यावर रिकामपणाचा उद्योग म्हणून मी एक दिवस शब्दकोश घेऊन बसले आणि ज्याच्या जिवावर घर चाललं त्या खडूचं मूळ शोधलं. खडू आला संस्कृतातल्या खटिकेवरून, खडी तिचीच बहीण. इंग्रजीतला चॉक म्हणे लॅटिनमधल्या चुन्याच्या नावावरून आला. शिवाय हेही कळलं की शाळेतला खडू हा खरा खडू नसतोच, तो जिप्समचा. खरा खडू म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेल्या बारीक जिवांच्या कवचांचा दगड. आणि शिंप्याचा खडू या दोन्हींत बसत नाही, तो शंखजिऱ्याचा, म्हणजे एका मऊ गुळगुळीत दगडाचा. एवढं वाचून मी कोश मिटला, कारण मला हवा होता तो खडू त्यात सापडणार नव्हता. तो निळा होता, चपटा, शंकरपाळ्याएवढा, कडेला पात्यासारखा घासलेला. माझ्या वडिलांच्या दुकानातला. तो त्यांनी माझ्या हातात न देता शेवंतीच्या हातात दिला. आज मला नातवंडं आहेत, गुडघे गेले आहेत, तरी हे वाक्य लिहिताना पोटात दुखायचं ते दुखलंच.

दादा, म्हणजे आमचे वडील, मूळचे मुरबाडकडचे. कल्याणला एका मास्तरांच्या हाताखाली शिवणकाम शिकले आणि शहापूरच्या बाजारात दुकान टाकलं. दुकान केवढं, तर एक मशीन, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं, त्यावर बहुतेक वेळा गिऱ्हाईक नसून इस्त्रीचे कपडेच बसलेले. घर मागच्याच गल्लीत, दोन खोल्यांचं. घरात आई, दादा, कुसुमताई आणि मी. सकाळी आईच्या भाकऱ्यांची थापथाप संपायची तेव्हा दादांच्या मशीनची खडखड सुरू व्हायची. मधूनमधून एसटी स्टँडवरचा हॉर्न. आजही शिलाई मशीनचा आवाज कुठून आला की मला तांदळाच्या भाकरीचा आणि वालाच्या बिरड्याचा वास येतो, दुकानात शिवलेला प्रत्येक कपडा जणू आमच्या चुलीपाशीच शिवलेला होता.

मला त्या निळ्या खडूचं वेड लहानपणापासून होतं. आई चिडवायची, "तुझ्या वेळेला डोहाळे लागले ते खडू खायचे. ताईच्या दप्तरातले चोरून खायची मी. म्हनून तू अशी." दादा टेबलावर कापड पसरायचे, तळहाताने सुरकुती काढायचे, टेप लावायचे आणि मग तो खडू टेकवून एका दमात मुंढ्याचा गोल ओढायचे. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ती खाच. तो गोल ज्याला जमला त्याला सगळं जमलं, असं दादा म्हणायचे. आमच्या दुकानाची रीत ठरलेली होती. आधी काजं-बटणं, मग हातशिलाई, मग मशीन, आणि सगळ्यात शेवटी खडू. खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून तेल घालायचं, कात्री, टेप, इस्त्री पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. त्या पूजेत एक नवा खडू असायचा. पूजा झाली की दादा तो उचलून ज्याच्या हातात देतील त्याने कोऱ्या मांजरपाटावर पहिली रेघ ओढायची. आतापर्यंत तो खडू दादा स्वतःच्याच हातात घेत आले होते. ताईला शिवणाची आवड नव्हती, तिला सिनेमाची गाणी पुरत. तेव्हा पुढचा हात माझाच, हे मी मनात पक्कं धरून बसले होते.

अडचण एकच, तो हात डावा होता. जेवायला उजवा शिकले, लिहायला डावाच राहिला, आणि खडूही आपसूक डाव्यातच यायचा. दादांची कात्री उजव्या हाताची. डाव्यात धरली की पातं रेघेवर यायचं आणि रेघ दिसेनाशी व्हायची. त्यात माझा हात जड. मी चिंध्यांवर सराव करायची आणि दादा मशीनवरून ओरडायचे, "हात हलका ठेव गो! कापड हाय ते, पाटी नाय!" दिवसातून दहा वेळा. पाणी सांडलं तर ओरडा, सुई हरवली तर ओरडा, गिऱ्हाइकासमोर हसले तर ओरडा. अख्ख्या बाजाराला माझं नाव पाठ झालं होतं ते दादांच्या आवाजामुळे.

मी आठवीत गेले त्या वर्षी शेवंती आली. शेवंती म्हणजे मुरबाडकडच्या आत्याची मुलगी, माझ्याहून वर्षाने मोठी. ती पाळण्यात असतानाच तिचे वडील गेले होते. त्यांच्या गावात पुढची शाळा नव्हती म्हणून आत्या तिला घेऊन आली. सोबत नाचणीचं पीठ, कुळीथ आणि सुकटीची पुडी. आत्या दादांना म्हणाली, "दादा, पोर गरीब हाय. कामाला मागं हटनार नाय." पोर गरीब वगैरे काही नव्हती. गप्प होती एवढंच, आणि गप्प माणसाचं सगळ्यांना कौतुक. महिनाभरात आईच्या भाकरीचा फुगलेला पापुद्रा, जो इतकी वर्षं माझ्या ताटात पडायचा, तो तिच्या ताटात पडायला लागला. मी बघायची आणि आई म्हणायची, "पाहुनी हाय गो ती." पाहुणी दोन दिवसांची असते. ही तर शाळेत माझ्याच बाकावर येऊन बसली होती.

खरं दुखणं दुकानात होतं. शाळा सुटली की आम्ही दोघी दुकानात जायचो. मी तीन वर्षांत जिथे पोचले तिथे ती तीन महिन्यांत पोचली. काजं अशी की दादा भिंगातून बघून म्हणायचे, "मास्तरांनी बघायला पायजे होतं हे." माझ्या काजांना भिंग लागत नसे, लांबूनच दिसायची. आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट म्हणजे दादा तिला कधी ओरडले नाहीत. एकदा तिच्या हातून इस्त्री पडली, नवी फरशी उडाली. मी कान टवकारून बसले. दादा म्हणाले, "असू दे, पोरी. पाय भाजला नाय ना?" बस्स. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढीच फरशी माझ्या हातून उडाली असती तर आटगाव स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असतं. मी तेव्हा सरळ हिशेब केला, दादांचा जीव तिच्यावर आहे, माझ्यावर नाही. ओरडण्याचा दुसरा काही अर्थ असेल असं चौदाव्या वर्षी कुणाला सुचतं?

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी नवा परकर नेसून, केस चापून बसवून, पाटाच्या अगदी जवळ बसले होते. दादांनी खडू उचलला. माझा हात, डावाच, आपोआप थोडा पुढे झाला. दादांनी तो बघितला की नाही मला माहीत नाही. ते म्हणाले, "शेवंते, ये. ओढ." ती लाजली, माझ्याकडे बघितलं, मग पुढे होऊन मांजरपाटावर केसाएवढी बारीक सरळ रेघ ओढली. आईने साखर वाटली. ती साखर मी तोंडात धरली आणि बाहेर येऊन गटारीत थुंकले. खोटं कशाला सांगू, देवाच्या प्रसादाचंही भय वाटलं नाही.

मार्गशीर्षात ताईचं लग्न ठरलं. मुलगा भातसानगरच्या वसाहतीतला, धरणावर नोकरीला. ताईचा शालू मोरपिशी, आणि त्याच्यातच विणलेला ब्लाउजपीस. त्याला जोड बाजारात मिळत नाही, चुकलं की चुकलं. मी धरून चालले होते की हा ब्लाउज दादा स्वतः आखतील. लग्नाला नऊ दिवस असताना दादांनी तो पीस टेबलावर पसरला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, "शेवंते, गडद कापडावर मला बारीक दिसत नाय आता. तू आख, मी कापतो." माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाचा ब्लाउज! मी तिथेच उभी होते, हातात बटणांची डबी घेऊन.

शेवंतीने सकाळभर खपून आखलं. त्या दिवशी शाळेला रविवारची सुट्टी होती. दुपारी दादा आचाऱ्याशी बोलायला गेले, शेवंती नळावर पाण्याला गेली, आणि मी दादांचा डबा घेऊन दुकानात आले तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. टेबलावर तो मोरपिशी तुकडा पसरलेला, घडी घालून, त्यावर पिवळसर पांढऱ्या खडूची रेघ. निळा खडू त्या रंगावर उठला नसता. ती रेघ सुंदर होती. ती वाईट असती तर मी कदाचित डबा ठेवून घरी गेले असते.

मी फडक्याने बाजूची आणि मुंढ्याची रेघ झटकली आणि अर्धा इंच आत दुसरी ओढली. पुढचा भाग, मागचा भाग, दोन्हीकडे. मला ब्लाउज नासवायचा नव्हता, हे आज देवाशपथ लिहिते. माझी समजूत अशी की दादा कापण्याआधी टेप लावतील. मी आखलेल्या साध्या पिशवीलासुद्धा ते दोनदा टेप लावायचे. माप चुकलेलं दिसेल आणि मग शेवंतीवर ओरडतील. ओरडतीलच, सोन्यासारख्या शालूचा पीस होता तो. तिला एकदा तरी ओरडा बसलेला मला ऐकायचा होता, बाकी काही नको होतं.

दादा आले. हात धुतले. भाकरी नंतर खातो म्हणाले. शेवंती पाणी भरून आली आणि कडेला उभी राहिली. दादांनी कात्री घेतली, कापडावर तळहात फिरवला. टेप त्यांच्या गळ्यातच होता. त्यांनी तो काढला नाही. शेवंतीची रेघ म्हटल्यावर त्यांना टेप लावायचं कारणच नव्हतं. कात्रीचा पहिला कर्र आवाज झाला आणि माझ्या घशात 'दादा, थांबा' एवढे दोन शब्द आले. ते तसेच राहिले. मी ते बोलले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी आजपर्यंत किती वेळा केला असेल! पण त्या क्षणी भीतीपेक्षाही मोठी दुसरीच गोष्ट मनात होती. दादांनी टेप लावला नाही, एवढा त्यांचा तिच्यावर विश्वास. त्या रागाने माझं तोंड शिवलं गेलं.

तिसऱ्या दिवशी ताईने ब्लाउज घालून बघितला. हुक आणि त्यांची घरं एकमेकांपासून दोन इंच लांब राहिले. आई मटकन बसली. शिवणीतली माया, म्हणजे आत दुमडून ठेवतात ते जास्तीचं कापड, दादांनी उसवून बघितली, तरी पुरेना. "कसं झालं हे?" दादा स्वतःशीच म्हणाले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. आता ओरडतील, असं मला वाटलं. शेवंती पुढे आली आणि म्हणाली, "मामा, माझ्याच्यान चुकलं. ओरडा मला."

दादांनी तो ब्लाउज उचलला. ते दुकानात गेले, आम्ही मागोमाग. त्यांनी कतरणीची पिशवी टेबलावर उपडी केली, मोरपिशी तुकडे शोधले आणि उजेडात, दारात धरले. त्या तुकड्यावर दोन रेघा होत्या. एक पुसट, बारीक, खांद्याकडून खाली येणारी. दुसरी कापाच्या कडेला अर्धवट राहिलेली, जाड. खडू जिथे टेकतो तिथे रेघ जाड असते आणि निघतो तिथे विरते. ही रेघ काखेकडे जाड होती, खालून वर गेलेली. डाव्या हाताची, मी मुंढा नेहमी असा उलटाच ओढायची. दादांचा अंगठा त्या रेघेवरून सावकाश वर गेला. मग त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मी हात पाठीमागे लपवला, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दादांनी तो तुकडा खिशात घातला आणि म्हणाले, "असू दे. चुकी होते मानसाकडून."

ताईच्या बाह्या दोन इंच आखूड करून दादांनी त्या कापडाच्या कळ्या, म्हणजे तिकोनी जोड, काखेत लावल्या. लग्न झालं. फोटोत ताईच्या बाह्या जरा उंच दिसतात, कुणाला कळत नाही, मला कळतं. शेवंतीने खडू आपणहून गल्ल्याच्या खणात ठेवला आणि दादांनी कितीदा सांगितलं तरी त्या वर्षी तो उचलला नाही. दहावी झाल्यावर ती मुरबाडला परत गेली. जाताना दादांनी तिला आपलं जुनं मशीन दिलं. मी टेम्पोत ते चढवायला हात लावला तो केवळ ती जातेय या आनंदाने.

मग माझ्या लक्षात यायला लागलं. आमटीत मीठ जास्त पडलं तर दादा म्हणायचे, "असू दे." पावसात छत्री हरवून आले तर, "असू दे." दुकानात जाऊन मुद्दाम चिंधीवर जाड रेघ ओढून बघितली. मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. ते मला पुढे कधीही ओरडले नाहीत. मला शिक्षिका व्हायचं म्हटलं तेव्हाही "शीक" एवढंच म्हणाले. मैत्रिणी म्हणायच्या, तुझे वडील किती शांत गं. माझ्या घरात मी पाहुणी झाले होते, आणि याचं कारण मी कुणाला सांगू शकत नव्हते. दादांच्या शेवटच्या आजारातही माझ्या हातून औषधाची बाटली फुटली होती. त्यांनी डोळे उघडून बघितलं आणि पुन्हा मिटले. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत तशीच काचा वेचत राहिले.

मागच्या महिन्यात शेवंतीच्या नातीचं बारसं होतं. किन्हवलीवरून एसटीने मुरबाडला गेले. शेवंतीचं दुकान स्टँडजवळच, तीन मशीन, दोन मुली कामाला. आणि भिंतीवर दादांचा फोटो, हार घातलेला. माझ्या घरी आहे त्याहून मोठा. बघताक्षणी ती जुनी कळ उठलीच, वयाचा काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुली यायच्या आधी, मी तिला सगळं सांगून टाकलं. कापायच्या टेबलाशी उभी राहून, एका दमात.

शेवंतीने चहाचा कप खाली ठेवला. "मला ठाव होतं गो. माझी रेघ मी ओळखनार नाय? कापताना बघितलं तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलनार होते. मग वाटलं, आज मामा मला ओरडतील." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "तुला ठाव नाय, मी किती जळायची तुझ्यावर. तुला दिवसभर ओरडायचे. सुमे हे कर, सुमे ते नको करू. मला मेलं सगळं असू दे, असू दे. आपल्या पोरीला ओरडतात गो. दुसऱ्याच्या पोरीला कोन ओरडतं? मला बाप नव्हता, तर म्हटलं एकदा तरी बापासारकं ओरडा. तर त्ये पन नाय."

ज्या आवाजाला मी शिक्षा समजले तो हिला हवा होता, आणि ती मागतच राहिली. मी तो गमावला तेही स्वतःच्याच हाताने, अर्ध्या इंचासाठी. "त्या दिवसापासून मलाही नाही ओरडले ते," मी म्हटलं. "मरेपर्यंत नाही." हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

शेवंतीने खण उघडला, मांजरपाटाचा एक तुकडा टेबलावर पसरला, तळहाताने त्याची सुरकुती काढली आणि निळा खडू माझ्यापुढे धरला. "घे. ओढ."

मी तो डाव्या हातात घेतला. तेहतीस वर्षांची फळ्याची सवय. टेकवला आणि ठसठशीत जाड रेघ उठली.

"हात हलका ठेव गो!" शेवंती एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायला लागला. "कापड हाय ते, पाटी नाय!"

तोच सूर, शेवटच्या 'नाय'वर तोच जोर. दादांचा आवाज इतकी वर्षं इथे मुरबाडला हिच्यापाशी होता आणि मला पत्ताही नव्हता. मी पुन्हा एकदा जळले तिच्यावर, अगदी आठवीतल्यासारखी. मग कापड फिरवून घेतलं आणि दुसरी रेघ ओढली, पहिलीपेक्षा जाड, मुद्दाम.